एमएसमध्ये विचारांचा वेग मंदावतो तेव्हा : चाचणी, औषधं, नागपूरचा उन्हाळा आणि घरची मांडणी

अंबाझरी (धागाकर्ती)

एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणारा आजार) म्हटलं की चालणं, डोळा आणि लघवी यांवर भरपूर बोललं जातं. बुद्धीवरचा परिणाम मात्र ओपीडीतून निघता निघता, दाराशी उभं राहून विचारला जातो: "जरा विसरायला होतंय, वयामुळे असेल का?" आणि विचारणाऱ्याचं वय असतं बत्तीस. न्यूरोसायकॉलॉजीत काम करताना हे सतत कानावर येतं, म्हणून या विषयाचा स्वतंत्र धागा काढते आहे. औषधं, फिजिओ-ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि सरकारी कागदपत्रं यांतले जाणकार इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

वेगवेगळ्या पाहण्यांनुसार एमएस असलेल्या प्रौढांपैकी साधारण ४० ते ६५ टक्के लोकांच्या आकलनावर कमी-अधिक परिणाम होतो. बहुतेकांत तो सौम्य ते मध्यम असतो. घरचा रस्ता चुकणं, माणसं न ओळखणं हे अल्झायमरचं चित्र इथे क्वचित दिसतं. भाषा, शब्दसंग्रह, जुनं ज्ञान बऱ्यापैकी शाबूत राहतं आणि तिथेच फसगत होते. समोरचा माणूस मुद्देसूद बोलतोय म्हटल्यावर त्याला काही अडचण असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मार बसतो तो माहिती हाताळण्याच्या वेगाला. त्यामागून नवं शिकून लक्षात ठेवणं, मग दोन कामं एकदम सांभाळणं, आखणी करणं, आकार आणि जागा नजरेनं टिपणं. एक साधा प्रसंग घ्या. ओट्यावर कुकर आहे, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करायचा. दुसऱ्या शिट्टीला सिलिंडरवाल्याचा फोन येतो, तो कोड विचारतो, तेवढ्यात मुलगी वहीवर सही मागते. कोड बरोबर सांगितला जातो, सहीही होते, पण पुढची शिट्टी तिसरी की चौथी याचा पत्ता नसतो. घरचे म्हणतात "विसरली". खरं म्हणजे ती शिट्टी डोक्यात नोंदलीच गेली नाही. जे आत गेलं नाही ते आठवणार कुठून? म्हणून मदत करायची ती आठवण्याच्या वेळी कमी आणि नोंद होण्याच्या वेळी जास्त. या धाग्यात मला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

कारणं मेंदूत पसरलेली असतात. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण गेल्यानं संदेश हळू पोचतात. शिवाय थॅलॅमस हा मेंदूच्या आतला भाग आक्रसतो, आणि मेंदूच्या वरच्या थरातही व्रण होतात, जे नेहमीच्या एमआरआयवर बहुधा दिसत नाहीत. त्यामुळे "एमआरआयमध्ये नवीन काही नाही" आणि "काम जमत नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. ईडीएसएसचा (एमएसमधलं अपंगत्व मोजायच्या पट्टीचा) आकडाही इथे उपयोगाचा नाही. तो वरच्या टप्प्यांत मुख्यतः चालण्यावर ठरतो. ईडीएसएस १.५ असलेल्या, व्यवस्थित चालणाऱ्या माणसाची नोकरी केवळ या मंद वेगापायी अडचणीत येऊ शकते.

---

कोराडी_रोड

ताई, चांगला विषय काढला. एक विचारायचं होतं. बऱ्याच ठिकाणी ती ३० मार्कांची चाचणी घेऊन राहिले, तारीख सांगा, वार सांगा, १०० मधून ७ वजा करत जा वगैरे. पेशंटला ३० पैकी २९ मिळतात अन् कागदावर येते 'नॉर्मल'. मंग घरचे म्हणतात, हा नाटक करते. मग कोणती चाचणी मागायची? अन् मराठीत होते का?

---

अंबाझरी

ती ३० गुणांची चाचणी म्हणजे एमएमएसई. ती स्मृतिभ्रंशासाठी बनली आहे. तिच्यात वेळ मोजतच नाहीत, त्यामुळे एमएसमधला मंदपणा तिच्या जाळीतून सहज निसटतो. एमओसीए ही तशीच दुसरी चाचणी थोडी बरी, पण तीही पुरेशी नाही.

मागायची ती एसडीएमटी. कागदाच्या वरच्या ओळीत नऊ चिन्हं आणि त्यांच्याखाली १ ते ९ आकडे असतात. खाली नुसती चिन्हांची रांग असते, प्रत्येकाचा आकडा सांगत जायचा. आधी १० चिन्हांचा सराव, मग बरोबर ९० सेकंद. एकूण चिन्हं ११०. जितकी बरोबर तितके गुण. तोंडी घ्यायची, कारण लिहून घेतली तर हाताचा कंप आणि जडपणाही गुणांत मिसळतो. मराठीची अडचण इथे येत नाही, एक ते नऊ म्हणता आलं की झालं. पूर्वी पासाट नावाची चाचणी जास्त वापरत: दर ३ सेकंदांनी एक आकडा ऐकायचा आणि तो आधीच्या आकड्यात मिळवत जायचा. तिच्यात गणिताची भीती आडवी येते आणि लोक रडकुंडीला येतात.

२०१२ मध्ये बायकॅम्स नावाचा छोटा संच सुचवला गेला. त्यात एसडीएमटीबरोबर १६ शब्दांची यादी पाच वेळा ऐकवून शिकवणं आणि सहा आकृत्यांचं पान दर वेळी १० सेकंद, असं तीन वेळा दाखवून काढायला सांगणं, हे दोन भाग आहेत. सगळं मिळून १५ ते २० मिनिटं. शब्दांच्या यादीत मात्र भाषेचा प्रश्न खरा आहे. इंग्रजी यादीचं जागच्या जागी भाषांतर करून घेतलेली चाचणी ग्राह्य धरू नका. शब्द किती परिचित, किती लांब, यावर निकाल फिरतो.

आता चुका कुठे होतात ते. पहिली गोष्ट डोळे. ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेचा दाह) होऊन गेलेल्याला किंवा बुबुळं थरथरणाऱ्याला बारीक चिन्हंच नीट दिसत नाहीत, गुण पडतात आणि दोष बुद्धीवर जातो. आधी जवळची नजर तपासा, जवळचा चष्मा सोबत न्या. दुसरं, बोलणं जड झालं असेल तर तोंडी चाचणीतही वेळ जातो, हे अहवालात लिहिलेलं हवं. तिसरं, मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या सलाइननंतर निदान महिनाभर चाचणी नको. झोप आणि मूड दोन्ही बिघडलेले असतात. चौथं, तोच कागद पुन्हा वापरला तर सरावानं गुण वाढतात, म्हणून पर्यायी प्रत वापरायची. आणि शेवटचं, गुण नेहमी त्या वयाच्या आणि तेवढ्या शिकलेल्या लोकांशी ताडून पाहायचे.

निदान झाल्यावर तब्येत स्थिर असताना पहिली नोंद आणि मग दर वर्षी एक, असा सल्ला २०१८ पासूनच्या शिफारशींत आहे. ८ वर्षांवरच्या मुलांनाही तो लागू होतो. मागच्या वेळेपेक्षा ४ गुण किंवा १० टक्के घट झाली तर ती दखल घेण्याजोगी. म्हणजे ५२ वरून ४७ झाले तर "इतकं चालतं" म्हणून सोडायचं नाही. पण पहिली नोंदच नसेल तर ४७ पाहून काही कळत नाही. तो माणूस मुळात ४७ चा होता की ६० चा, कसं ठरवणार?

नेटवरून कागद उतरवून घरी चाचणी घेऊ नका, कळकळीची विनंती. कागद ओळखीचा होतो आणि पुढची खरी चाचणी वाया जाते.

---

धंतोली_न्यूरो

अंबाझरी यांनी लिहिलेलं सगळं बरोबर. गुण कमी आले की लगेच "एमएस वाढला" असा निष्कर्ष काढू नये. सुधारता येण्यासारखी कारणं आधी एकेक करून बाजूला काढायची.

नैराश्य सगळ्यात वर. एमएसमध्ये आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यापर्यंत जातं आणि त्यानं वेग मंदावतोच. गंमत म्हणजे "माझं डोकं चालत नाही" ही रुग्णाची स्वतःची तक्रार चाचणीच्या गुणांपेक्षा नैराश्याशी जास्त जुळते. उलट ज्यांची घट जास्त असते त्यांना ती जाणवतेच असं नाही. म्हणून घरातल्या एका माणसाला वेगळं बसवून विचारायचं. एमएसएनक्यू ही १५ प्रश्नांची प्रश्नावली रुग्णाकडून आणि नातेवाइकाकडून, अशी दोघांकडून भरून घ्यायची असते. जास्त भरवसा नातेवाइकाच्या कागदावर.

मग झोप. घोरणं आणि झोपेत श्वास अडणं हे फार दुर्लक्षित राहतं. लघवीसाठी रात्री चारदा उठणाऱ्याचं डोकं सकाळी चालणार नाही, तिथे उपचार मूत्राशयावर करायचा. रक्तात बी१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, साखर, सोडियम बघून घ्या. शुद्ध शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांत बी१२ कमी सापडणं अगदी नेहमीचं आहे.

लघवीचा संसर्ग झाला की एक-दोन दिवसांत माणूस गोंधळल्यासारखा होतो, जुनी लक्षणं उफाळतात. ही खरी रिलॅप्स (आजाराचा नवा झटका) नव्हे. आधी लघवीची तपासणी आणि कल्चर. संसर्ग न बघता स्टेरॉइड चढवलं तर संसर्ग बळावतो.

दोन ठिकाणी मात्र थांबायचं नाही. एक, काही आठवड्यांत आकलन स्पष्टपणे घसरलं आणि हातापायात काहीच नवं नाही, अशीही रिलॅप्स असते. काँट्रास्टसह एमआरआय लागतो, शक्यतो आधीच्याच मशीनवर, म्हणजे तुलना करता येते. दोन, नॅटॅलिझुमॅब हे एमएसचं औषध चालू असलेल्या रुग्णात वागण्यात किंवा बुद्धीत नवा बदल, बोलण्यात अडखळणं, एका बाजूचं न दिसणं असलं काही आलं तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. पीएमएल हा मेंदूचा गंभीर संसर्ग वगळायचा असतो. फिंगोलिमॉड वगैरे औषधांवरही तो क्वचित झालेला आहे.

---

गोळीडबा

फार्मसीतला माणूस आहे, म्हणून औषधांच्या बाजूनं लिहितो. एमएसच्या एका चिठ्ठीत मेंदूला सुस्त करणारी तीन-चार औषधं सहज असतात. प्रत्येक वेगळ्या डॉक्टरांनी, वेगळ्या महिन्यात दिलेलं. सगळ्यांची बेरीज कुणीच केलेली नसते.

लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन किंवा टॉल्टेरोडिन: दोन्ही ॲसिटिलकोलिन अडवतात, आणि स्मरणाला तेच रसायन लागतं. यांच्याऐवजी मिराबेग्रॉन चालेल का हे डॉक्टरांना विचारा. ते वेगळ्या मार्गानं काम करतं, फक्त रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. वेदनेसाठी रात्रीची ॲमिट्रिप्टिलीन, तिचाही तोच दोष. स्नायूंच्या कडकपणासाठी बॅक्लोफेन, टिझॅनिडिन. नसांच्या जळजळीसाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन. झोपेला क्लोनॅझेपाम. आणि यांच्यावर कुणी सर्दीची गोळी स्वतःच घेतली तर तिच्यातलं क्लोरफेनिरामिन आणखी भर घालतं. सर्दीची गोळी मागताना "एमएस आहे" हे काउंटरवर सांगा.

बॅक्लोफेन एकदम बंद करायचं नाही. झटके येतात, भास होतात. हळूहळू उतरवायचं, तेही डॉक्टरांच्या हिशोबानं. बऱ्याचदा औषध बदलावंही लागत नाही, वेळ बदलली तरी काम भागतं: बँकेचं किंवा हिशोबाचं काम सकाळी असेल तर सुस्त करणारा मोठा डोस रात्रीकडे सरकवता येतो का ते विचारा.

स्मरणशक्तीच्या टॉनिकबद्दल. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. टेरिफ्लुनोमाइड हे एमएसचं औषध घेणाऱ्याच्या यकृतावर आधीच नजर ठेवावी लागते, तिथे हा भार नको. शिवाय ज्या आजारात प्रतिकारशक्ती दाबायची असते तिथे ती "वाढवणाऱ्या" गोष्टी घेणं मुळातच उलट आहे.

आणखी एक. चुकलेले डोस हे मंद झालेल्या आकलनाचं पहिलं लक्षण असू शकतं. पट्टीवर गोळ्या उरताहेत का, इंजेक्शनच्या सिरिंज शिल्लक राहताहेत का, हे घरच्यांनी महिन्याला एकदा मोजावं. फिंगोलिमॉडचा पहिला महिना उलटल्यावर १४ दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर घरी परत सुरू करायचं नाही, पहिल्या डोससारखं हृदयाच्या ठोक्यांवर देखरेख ठेवून सुरू करावं लागतं.

---

वाळ्याची_ताटी

उन्हाळ्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. फिजिओ आहे. नागपुरात एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तक्रारी यातूनच येतात.

शरीराचं आतलं तापमान जेमतेम अर्धा अंश वाढलं तरी मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश अडखळतो. १८९० मध्ये उटहॉफ या जर्मन डॉक्टरांनी हे नजरेबाबत नोंदवलं, पण विचारांच्या वेगालाही ते लागू आहे. शरीर थंड झालं की पूर्ववत होतं, नवी इजा होत नाही. हे घरच्यांना नीट समजलं पाहिजे, नाहीतर दर नवतप्याला (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) घबराट होते.

कूलरचं गणित असं. डेझर्ट कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. मेमध्ये हवा कोरडी, म्हणून तो उत्तम. पण खिडकीतून बाहेरची हवा ओढली गेली पाहिजे आणि समोरची दुसरी खिडकी वीतभर उघडी पाहिजे. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि उपयोग उलटा होतो. ताटीतलं वुडवूल (लाकडाचे तंतू) दर हंगामात बदला. क्षारांनी कडक झालेल्या ताटीतून पाणी सारखं उतरत नाही, मध्ये कोरडे पट्टे राहतात आणि तिथून गरम हवाच आत येते. जून उलटून पाऊस लागला की कूलर जवळपास निकामी. जुलै-ऑगस्टचा उकाडा एमएसवाल्यांना मेपेक्षा वाईट जाऊ शकतो, तेव्हा निदान एका खोलीत एसी हवा. दोन्हीची ऐपत नसेल तर एसी पावसाळ्यासाठी धरा, मे महिना कूलर निभावून नेतो.

डोकं लागणारं काम सकाळी ९ च्या आत. बाहेर पडायच्या आधी अर्धा तास गार पाणी घोट घोट प्या, मानेला आणि मनगटांना ओलं फडकं, कपडे सुती आणि सैल. बर्फ थेट त्वचेवर धरू नका, बधिर भागाला कळत नाही आणि कातडी भाजल्यासारखी होते. पाणी कमी पिऊ नका. लघवीच्या भीतीनं लोक पाणी तोडतात, मग संसर्ग होतो, ताप येतो, आणि ताप म्हणजे आतून आलेला उन्हाळाच. व्यायाम सोडायचा नाही, वेळ बदलायची: फुटाळा तलावावर पहाटे, किंवा घरात पंख्याखाली सायकल.

---

अंबाझरी

@वाळ्याची_ताटी, याला जोडून चाचणीबद्दल एक. पहिली नोंद जानेवारीत आणि दुसरी मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, दुचाकीवरून आल्यावर, असं झालं तर ४ गुण उन्हानंच पडतील. दर वर्षी तोच महिना आणि तीच वेळ धरा. नागपूरकरांनी डिसेंबर टाळून जानेवारी धरलेला बरा. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीकडचे रस्ते अडवलेले असतात, माणूस दमून आणि चिडून पोचतो. पोचल्यावर निदान २० मिनिटं गार खोलीत बसवा, मग सुरुवात करा.

---

कोराडी_रोड

आता घरी काय करायचं ते सांगा. सुडोकू, मोबाइलवरचे ब्रेन गेम, शब्दकोडी लावून देतात बरेच जण. फायदा होते का?

---

ओटी_सदर

गेमनं त्या गेममध्ये हात बसतो. किराण्याची यादी त्यानं लक्षात राहील याची खात्री नाही. आवडतं म्हणून खेळा, उपचार म्हणून त्यावर विसंबू नका. तज्ज्ञाच्या देखरेखीत, ठरावीक काळ घेतलेलं प्रशिक्षण वेगळं, त्याचा फायदा मोजला गेला आहे.

नवं लक्षात ठेवण्यासाठी ज्याला चांगला आधार आहे ते गोष्टीचं तंत्र. जे लक्षात ठेवायचं त्याचं चित्र डोळ्यांपुढे आणायचं आणि सगळी चित्रं एका गोष्टीत ओवायची. मूळ कार्यक्रमात आठवड्याला दोन, अशी पाच आठवड्यांत १० सत्रं आहेत. घरी असं करून बघा: आणायचं आहे जिरं, साबण, टॉर्चचे सेल आणि डाळ्या. माणसानं स्वतःच गोष्ट रचायची. जिऱ्याच्या पुडीवर साबण घसरला, टॉर्च लावून बघितलं तर डाळ्या सांडलेल्या. गोष्ट दुसऱ्यानं रचून दिली तर परिणाम कमी होतो, स्वतः घडवलेलं पक्कं बसतं. इथे नातेवाइकांनी घाई करू नये. दोन मिनिटं लागली तर लागू द्या.

मग उजळणी अंतरानं. सलग दहा वेळा घोकण्यापेक्षा पाच मिनिटांनी एकदा, तासानं एकदा, रात्री एकदा, दुसऱ्या सकाळी एकदा. आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. कागद उलटा ठेवून आठवून बघायचं, अडलं तरच बघायचं.

बोलण्याची पद्धत घरच्यांनी बदलायची आहे. एका वाक्यात एकच काम. सांगताना टीव्ही बंद. सांगून झाल्यावर "कळलं का?" विचारलं की उत्तर "हो"च येतं. त्याऐवजी "मग आपलं काय ठरलं, सांग बरं" असं त्याच्याच तोंडून वदवून घ्या. उत्तराला वेळ द्या. मनात पाच आकडे मोजा, मध्ये वाक्य पुरं करू नका. आपण पुरं केलं की त्याचा विचार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

वही एकच. चार चिठ्ठ्या, दोन ॲप आणि फ्रिजवरचं कॅलेंडर असेल तर कुठे लिहिलं हेच शोधावं लागतं. फोनच्या गजरावर नुसता "रिमाइंडर" नको, क्रिया लिहा: "फ्रिजमधून इंजेक्शन काढून ओट्यावर ठेव", आणि अर्ध्या तासानं दुसरा गजर, "इंजेक्शन घे". काम हातून होईपर्यंत गजर बंद करायचा नाही, पुढे ढकलायचा, हा नियम. किल्ली, चष्मा, फाइल यांची जागा एकदा ठरली की घर आवरणाऱ्यानं ती हलवायची नाही. चुका होतात त्या बहुधा इथेच, कारण आवरणारा वेगळा आणि शोधणारा वेगळा असतो.

गॅसला वेळ संपली की आपोआप बंद होणारा टायमर-नॉब मिळतो, तो बसवून घ्या. बसवल्यावर साबणाच्या पाण्यानं गळती तपासा. कुकरऐवजी ठरल्या वेळी बंद होणारा इलेक्ट्रिक कुकर असला की शिट्ट्या मोजायचा प्रश्नच मिटतो. यूपीआयला वेगळं छोटं खातं जोडा, त्यात आठवड्याच्या खर्चाएवढेच पैसे, बाकी खातं यूपीआयला जोडायचंच नाही. फसवणुकीचे फोन घाईवर चालतात आणि या माणसाला नेमकी घाईच झेपत नाही. "फोनवर पैशाचं काहीही ठरवायचं नाही, ठेवून द्यायचा" एवढा एकच नियम वहीच्या पहिल्या पानावर.

दुचाकीबद्दल ठाम सांगते. सरळ रस्त्यावर गाडी जमते म्हणून निश्चिंत होऊ नका. सिग्नल नसलेल्या चौकात तीन बाजूंची वाहनं एकदम बघावी लागतात, आणि एमएसमध्ये नेमकं तेच अवघड होतं. विचारांच्या वेगाची घट मोजली गेली असेल तर रस्त्यावरची तपासणी होईपर्यंत मेट्रो बरी. एकच सूचना: सीताबर्डीला ऑरेंज आणि ॲक्वा मार्गिकांची अदलाबदल होते, तिथे गर्दीत गोंधळ होतो. सुरुवातीला एकाच मार्गिकेवरचा प्रवास निवडा, आणि बदलायचंच असेल तर आधी दोनदा कुणाबरोबर जाऊन पायाखालचं करून घ्या.

---

धंतोली_न्यूरो

गोळीबद्दल नेहमी विचारणा होते म्हणून लिहितो. डोनेपेझिल आणि मेमँटिन ही अल्झायमरची औषधं एमएसमध्ये नीट तपासली गेली, फायदा सिद्ध झाला नाही. आकलनासाठी म्हणून मंजूर झालेलं एकही औषध सध्या नाही. फॅम्प्रिडिन चालण्यासाठी आहे, आकलनावर त्याचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. एमएसचं मूळ औषध लवकर आणि सलग घेणं हेच आकलनाचं सगळ्यात मोठं संरक्षण. सिगारेट, तंबाखू सोडणं आणि रक्तदाब-साखर काबूत ठेवणं हे त्याच्या बरोबरीनं.

व्यायामाबद्दल थोडा सावध आहे. कॉगएक्स नावाच्या संशोधनात वाढत जाणाऱ्या एमएसचे ३११ लोक होते, १२ आठवडे आकलनाचं प्रशिक्षण आणि एरोबिक व्यायाम दिला. २०२३ मध्ये निकाल आला: दोन्ही एकत्र केल्यानं एकट्या-एकट्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. सुधारणा मात्र बऱ्याच जणांत झाली. म्हणजे जे झेपेल, परवडेल, ते एक नेमानं धरा. दोन्ही जमत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

---

फाइल_नंबर

नोकरीवाल्यांसाठी कागदांचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात नावानिशी आहे. यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करायचा, मग वैद्यकीय बोर्डासमोर तपासणी. ४० टक्के किंवा जास्त आलं तर आरक्षणासारख्या सवलती लागू होतात.

बोर्डासमोर नुसता एमआरआय नेला तर चालण्यावरून टक्के ठरतात, कारण डोळ्यांना तेच दिसतं. आकलनाचा लेखी अहवाल सोबत हवा: चाचणीचं नाव, तारीख, गुण, वय-शिक्षणाशी तुलना आणि रोजच्या कामावर काय परिणाम होतो त्याच्या दोन ओळी. "स्मरणशक्ती कमी" एवढं मोघम लिहिलेलं पत्र कुणी धरत नाही.

सरकारी आस्थापनेत असाल तर याच कायद्याचं कलम २० पाठ असू द्या. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं, पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (मंजूर संख्येबाहेरच्या जादा) पदावर. दबावाखाली राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती लिहून देण्याआधी हे वाचा, कारण एकदा स्वतः लिहून दिलं की हे संरक्षण सांगणं फार कठीण होतं.

अर्जात मागण्या ठोस लिहा. "सहकार्य मिळावे" याला काही अर्थ नाही. "तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना, काउंटरऐवजी फाइलचं काम, बसायला थंड जागा, दुपारी २० मिनिटं विश्रांती" असं लिहिलं की साहेबाला त्यावर सही करता येते.

---

कोराडी_रोड

शेवटचं विचारतो. स्वभावच बदलते त्याचं काय? समोरचा रडून राहिला तरी याला काही वाटत नाही, असं घरच्यांना वाटते.

---

अंबाझरी

हेही आजारातच मोडतं. चेहऱ्यावरचे भाव, आवाजातला राग किंवा दुःख ओळखणं एमएसमध्ये काही जणांना जड जातं. प्रेम कमी झालेलं नसतं, खूण पोचत नाही. म्हणून भावना शब्दांत सांगायची: "मला वाईट वाटलंय, जरा जवळ बस." चेहरा बघून ओळखेल या आशेवर राहिलं की दोघंही दुखावतात. उलट कारण नसताना हसू किंवा रडू फुटत असेल तर तो वेगळा प्रकार आहे, स्यूडोबल्बर अफेक्ट, आणि त्यावर औषध आहे. न्यूरॉलॉजिस्टना हे आवर्जून सांगा. पेशंट लाजेनं सांगत नाही.

पहिल्यांदा जाताना, मग ते मेडिकलचं (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं) सुपर स्पेशालिटी असो, मिहानमधलं एम्स असो की खासगी, सोबत एवढं न्या: चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट, गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे अहवाल, जुन्या एमआरआयची सीडी, जवळचा चष्मा, शिक्षण आणि कामाच्या स्वरूपाच्या दोन ओळी. आणि घरातल्या माणसानं गेल्या महिन्यात झालेल्या चुका तारीखवार लिहून आणायच्या, "कामं विसरतो" असं न लिहिता "१२ तारखेला वीजबिल दोनदा भरलं" असं. ती यादी पेशंटसमोर वाचून दाखवू नका, पाकिटात घालून द्या.